पुलपिटवरचा प्रचार आणि कंसातली शाल

प्रश्न:

सलाम. मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या पंच कमिटीची तीन वर्षं सेक्रेटरी आहे. आमचे पाळक तरुण आहेत, छत्तिशीचे, मनाने चांगले. कुणी आजारी पडलं तर रात्री दोनलाही स्कूटर काढून येतात. महापालिकेच्या निवडणुकीआधी एका रविवारी त्यांनी एका उमेदवाराला ऐन उपासनेत पुढे बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. उमेदवाराने दफनभूमीची पडलेली भिंत बांधून द्यायचा शब्द दिला. पुढच्या रविवारी संदेशात पाळकसाहेब म्हणाले, ‘आपल्या माणसाला जो मत देणार नाही त्याने आपला विश्वास तपासून पाहावा.’ मंडळीतलं एक कुटुंब दुसऱ्या उमेदवाराचं काम करत होतं. ते प्रभुभोजनाआधीच उठून गेलं, ते अजून आलेलं नाही.

माझे मिस्टर म्हणतात, चर्चमध्ये राजकारणाचं नावच नको. मुलगा पाळकसाहेबांच्या बाजूने. तो म्हणतो, आपण मूठभर, बोललो नाही तर कोण विचारणार? पाळकसाहेब मोबाइलवर अमेरिकेतल्या पास्टरांचे व्हिडिओ दाखवतात, ‘बघा, तिथे उघड बोलतात.’ खरं काय धरायचं? आणि मी त्यांच्या आईच्या वयाची असले तरी ते माझे पाळक आहेत. त्यांना सांगू कसं? (शाल मीच महाद्वार रोडवरून आणली होती.)

— एक सेक्रेटरी, कोल्हापूर

उत्तर:

ताई, सलाम.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी पाळकाच्या घरात वाढलो. शनिवारी रात्री वडील कंदिलाशेजारी बसून संदेश लिहायचे, आमच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर, शिसपेन्सिलीने. आई आतून विचारायची, ‘झाला का? रॉकेल संपतंय.’ पुलपिटवर काय बोलायचं आणि काय गिळायचं, यावर त्या दोघांची जी कुजबूज चालायची ती मी पांघरुणातून ऐकलेली आहे. तेव्हा तुमच्या मिस्टरांचं मला पटत नाही, हे आधी सांगून टाकतो.

१९७२ चा दुष्काळ. वडिलांची नेमणूक तेव्हा जतकडच्या एका गावात होती. गावात एकाच विहिरीला पाणी उरलेलं, आणि तिथे दोन रांगा. दुसऱ्या रांगेतल्या बायांनी रहाटाला हात लावायचा नाही. पहिल्या रांगेतलं कुणीतरी त्यांच्या घागरीत वरून ओतणार, तेही मर्जी झाली तर. आमच्या मंडळीतल्या निम्म्या बाया त्या दुसऱ्या रांगेत उभ्या असायच्या. विहीर ज्यांच्या रानात होती ते गावचे पुढारी, आणि आमच्या प्रार्थनाघराच्या छपराचे पत्रे त्यांनीच दिलेले. त्या रविवारी वडिलांनी संदेश दिला तो नोहाच्या तारवावर. प्यायला थेंब नाही आणि संदेश जलप्रलयावर! याकोबाच्या विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, जिच्याकडे विटाळ न मानता येशूने पाणी मागितलं, ती त्यांना तोंडपाठ होती, पण त्या अख्ख्या वर्षात त्यांनी ती काढली नाही. पुढे सत्तरी ओलांडल्यावर एकदा आपणहून म्हणाले, ‘राजकारण नको म्हणून गप्प बसलो असं मी सगळ्यांना सांगत आलो. पत्र्यांसाठी बसलो होतो.’

तुमच्या दफनभूमीच्या भिंतीचं वाचलं तेव्हा मला ते पत्रे आठवले. ‘चर्चमध्ये राजकारण नको’ हे वाक्य पुष्कळदा सोयीचं असतं. गप्प बसण्यालाही गिऱ्हाईक असतं.

आता दुसरी बाजू. १९८० ची निवडणूक, आम्ही तेव्हा गडहिंग्लज भागात. एक उमेदवार उपासना चालू असताना जीप घेऊन हजर. पंच पुढे खुर्ची मांडायला धावले. वडिलांनी नुसत्या हाताच्या खुणेने त्यांना मागच्या सतरंजीवर बसवलं, फडावरून आलेल्या बायांच्या शेजारी, आणि हातात गीतांचं पुस्तक पाठवलं. पुस्तक उलटं धरलंय हे शेजारच्या पोरीने त्यांना दाखवलं. आशीर्वाद झाला, तसे वडील म्हणाले, ‘आता काय ते आवाराबाहेर लिंबाखाली बोला. ज्याला ऐकायचंय तो थांबेल.’ निम्मे थांबले. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे विचारलं, ‘मागच्या खेपंला रस्ता देतो म्हणालासा, कुठं हाय?’ उमेदवाराला उत्तर द्यावं लागलं. दिलं ते गोलमाल दिलं, पण द्यावं लागलं.

तो प्रश्न आत विचारता आला असता का? माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पुलपिटवरून बोलणाऱ्याला कुणी मधे थांबवत नाही. तशी रीतच नाही. तालमीच्या कट्ट्यावर, कारखान्याच्या नाहीतर दूध संघाच्या सभेत माईक ओढून घेणारा निघतोच. कोल्हापुरात सर्वसाधारण सभा झाली आणि माईक ओढला गेला नाही, तर लोकांना ती सभा झाल्यासारखीच वाटत नाही. राजकारणाला असा उलट बोलणारा लागतो. तुमच्या त्या कुटुंबाला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून ते उठून गेलं. पाळकसाहेबांना वाटत असेल रागाने गेले. मला वाटतं, त्यांच्याजवळ दुसरं उत्तरच नव्हतं.

तुमचे पाळकसाहेब कदाचित म्हणतील, संदेष्टे राजांना बोललेच ना? बोलले की. नाथान दावीदाच्या समोर उभा राहिला, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, तो माणूस तूच. एलीया नाबोथाच्या बळकावलेल्या द्राक्षमळ्यासाठी अहाब राजाच्या अंगावर गेला. पण ते राजाला बोलले, राजासाठी नव्हे. आणि बोलताना त्यांचं डोकं जायची पाळी होती. तुमच्याकडे बोलल्यावर भिंत मिळणार होती. एवढा फरक त्यांनाही कळेल, शिकलेले आहेत.

कायद्याचं सांगतो, कारण सेक्रेटरी तुम्ही आहात. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा केंद्राचा कायदा १९८८ पासून आहे. संस्थेची जागा राजकीय कामाला वापरायला किंवा वापरू द्यायला कलम ३ ने बंदी आहे आणि संस्थेचा पैसा वापरायला कलम ५ ने. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ‘राजकीय काम’ या शब्दात स्थानिक संस्थेच्या निवडणुकीचा उमेदवारही येतो, म्हणजे महापालिकाही सुटली नाही. आणि जबाबदार एकटे पाळक नाहीत. एकट्याने किंवा इतरांबरोबर जो कुणी संस्थेचा कारभार पाहतो, तो प्रत्येक जण ‘व्यवस्थापक’. त्यात तुम्ही आलात, खजिनदार आले, झाडून सगळे पंच आले.

लोकसभा-विधानसभेला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागतो. त्याच्या कलम १२३ प्रमाणे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, धर्माच्या नावावर मत मागितलं तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं. ‘विश्वास तपासून पाहावा’ हे त्याच्या किती जवळ जातं बघा. महापालिकेला हा कायदा लागत नसला तरी पुढची निवडणूक विधानसभेचीही असेल, आणि जीभ तीच राहणार. ‘आपल्या माणसाला’ या शब्दावरही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेलं प्रकरण सात न्यायाधीशांपुढे गेलं आणि २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल लागला: उमेदवाराचा धर्म सांगून मत मागायचं नाही आणि मतदाराचा धर्म काढूनही मागायचं नाही.

(इथे मी आधी लिहिलं होतं की सगळ्या उमेदवारांना चर्चच्या हॉलमध्ये बोलवा आणि प्रश्न विचारा. मग कायद्यातला ‘संस्थेच्या ताब्यातली कोणतीही जागा’ हा शब्द परत वाचला आणि ते खोडलं. हॉलही त्यातच येतो. करायचंच तर कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, मंडळी म्हणून नाही, प्रभागातले मतदार म्हणून. शेजारच्या गल्लीतल्यांनाही बोलवा. त्यांचंही गटार तुंबलेलंच असेल.)

अमेरिकेतल्या व्हिडिओंचं थोडक्यात. तिथला वाद करसवलतीचा आहे. १९५४ मध्ये लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्यांनी अशी तरतूद आणली की करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थांनी, चर्च धरून, उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात उतरायचं नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या कर खात्याने टेक्सासच्या एका कोर्टात म्हटलं की चर्चने उपासनेत आपल्याच मंडळीशी केलेलं असं बोलणं प्रचारात धरू नये. म्हणजे तिथे चुकलं तर जाणार ती करमाफी. इथे चुकलं तर पोलीस ठाणं. व्हिडिओत ते दिसत नाही. इथे उमेदवाराचं नाव न घेताही काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. गांधीनगरच्या आर्चबिशपांनी गुजरातच्या निवडणुकीआधी प्रार्थनेचं आवाहन करणारं पत्र काढलं, त्यात ‘राष्ट्रवादी शक्तीं’पासून देश वाचवण्याची भाषा होती, आणि निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली. ते पत्र बरोबर की चूक यावर घरोघरी वाद झाले. मी एवढंच म्हणतो की असं पत्र काढणाऱ्याने नोटिशीची तयारी ठेवून काढावं आणि मंडळीला न विचारता तिच्या नावाने काढू नये.

तुमच्या मुलाकडे येतो. तो जे म्हणतो त्यात दम आहे, त्याला नुसतं गप्प बसवू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकही भरत नाहीत. पण एवढ्या थोड्या मतांची मोळी बांधून उमेदवाराच्या दारात नेली की पुढच्या वेळी तो मोळीवाल्याशीच बोलतो. तुमच्या मुलाशी बोलायचं त्याला कारण उरत नाही. आणि मोळी खरी असते तरी का? तुमच्या चर्चमध्ये एक कुटुंब उघड दुसरीकडे होतं. न बोलता किती जण होते ते मतपेटीलाच ठाऊक. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर इथे आले तिथून धरलं तर कोल्हापुरात ही मंडळी पावणेदोनशे वर्षांची होत आली. संस्थान गेलं, मिशनरी गेले, किती नगरसेवक आले आणि गेले.

पण त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, कारण राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात त्या हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. तुमच्या बाकांवर बसणाऱ्या किती घरांचा हा पोटाचा प्रश्न आहे ते मी सांगायला नको. यावर पाळकाने प्रार्थना करायची की नाही? करावी, मोठ्याने करावी. २०१७ च्या त्याच निकालात ज्या तीन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं, त्यांचा रोखही असाच होता: ज्या ओळखीमुळे माणसाने अन्याय सोसला ती ओळख सार्वजनिक बोलण्यातून पुसायला लावली तर लोकशाही पोकळ होईल. मात्र १९८८ च्या कायद्यातली ‘राजकीय’ची व्याख्या ऐसपैस आहे, आदेश-फर्मानं तीत नावानिशी आली आहेत. तेव्हा दुःख मांडा, फर्मान काढू नका.

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या तो हुकूम २६ जुलै १९०२ चा. त्या दिवशी शनिवार होता. समजा, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या एखाद्या पाळकाने उपासनेत त्या हुकुमाबद्दल देवाचे आभार मानले असते. त्याला कुणी राजकारण म्हटलं असतं का? दरबारातल्या काहींनी नक्की म्हटलं असतं. तरीही त्याने मानायला हवे होते, असं मला वाटतं. आणि त्याच पाळकाने सोमवारी वाड्यावर जाऊन चर्चसाठी जागा मागितली असती, तर मात्र रविवारची प्रार्थना नासली असती.

तुमच्या पाळकसाहेबांना राजकारणावर बोलायची एवढी हौस असेल तर त्यांना एक विषय सुचवा. मतदानाच्या आदल्या रात्रीचं पाकीट. ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणून आपण हसण्यावारी नेतो ते. किती घरांत गेलं, कुणाच्या हातून गेलं, एका घरातल्या चार मतांचा हिशेब कसा झाला, हे सगळ्या बाकांना माहीत असतं. आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांतल्या जेवणावळी, तांबडा-पांढरा रस्सा, ते वेगळंच. यावर एक रविवार बोलून दाखवा म्हणावं. कुणाचं नाव घ्यायला नको, पक्ष नको. सगळ्या पक्षांची पाकिटं घेतलेले लोक समोर बसलेले असतील, त्यात एखादा पंचही असेल. उमेदवाराला शाल घालण्यापेक्षा हे फार अवघड आहे. मतदानाला जा, यादीत नाव आहे का बघा, अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं घाला, दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याशी बोलणं सोडू नका, निवडून येईल त्याच्यासाठी आणि पडेल त्याच्यासाठीही प्रार्थना करा, हेही पुलपिटवरून बेलाशक सांगता येतं. यात कुणी उठून जाणार नाही. पाकिटाच्या संदेशाला मात्र दोघं-चौघं जातील. गेले तर जाऊ द्या.

आता सांगायचं कसं ते. पंच कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढू नका. तुमच्याकडेही पंचांच्या निवडणुका होतच असतील, आणि त्या कशा होतात ते मी जवळून पाहिलेलं आहे, महापालिका परवडली. मीटिंगमध्ये विषय निघाला की पाच मिनिटांत पाळकसाहेबांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन गट पडतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत तुम्हालाही माहीत आहे: आधी एकट्याला एकट्याने. मंगळवार-बुधवार गाठा, शनिवार नको. शनिवारी पाळकाचं डोकं ठिकाणावर नसतं.

सुरुवात कायद्याने करू नका. तो कागद पर्समध्ये असू द्या, लागला तर काढा. तुम्ही नर्स होता. डॉक्टरसाहेब औषध चुकीचं लिहून गेले तर तुम्ही वॉर्डात पेशंटसमोर ‘चुकलात’ म्हणत नव्हता. बाहेर व्हरांड्यात गाठून ‘सर, एकदा बघता का?’ म्हणत होता. तीच पट्टी वापरा. ‘पाळकसाहेब, त्या रविवारपासून अमुक घर आलेलं नाही. मला झोप लागत नाही.’ एवढंच म्हणा आणि थांबा. ते बोलतील. ‘त्यांनाच राग आला, मी काय करू’ असं म्हणाले तर विचारा, ‘त्या दिवशी त्यांना तुम्हाला उत्तर द्यायचं असतं तर ते कुठे उभं राहून देणार होते?’ याला त्यांच्याकडे उत्तर नसेल. माझ्याकडेही नाही.

ते तापले तर तापू द्या. रात्री दोनला स्कूटर काढणारा माणूस वाईट नसतो. त्याला बहुधा मंडळीसाठी काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि भिंत ही दाखवता येण्यासारखी गोष्ट आहे. दफनभूमीत गुरं शिरतात, कुत्री माती उकरतात, लोक रोज पाळकालाच बोलतात. भिंत हवी तर महापालिकेकडे मंडळीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि जो कुणी निवडून आलाय त्याच्या मागे लागा, मग तो कुणाचा का असेना. तो तुमचाच नगरसेवक आहे. वर्षभर चपला झिजतील. पण मग त्या भिंतीवर कुणाचं नाव रंगवलेलं नसेल.

त्या कुटुंबाकडे पाळकसाहेबांच्या आधी तुम्ही जा. पंचांपैकी कुणाला बरोबर नेऊ नका. ‘झालं-गेलं विसरा, रविवारी या’ हे तर अजिबात म्हणू नका, कारण झालेलं गेलेलं नाही. त्यांना बोलू द्या. ते पाळकसाहेबांबद्दल जे बोलतील ते पाळकसाहेबांपर्यंत नेऊ नका. आणि त्यांनी ‘शाल कुणी आणली होती?’ असं विचारलं, तर कंस काढून सांगा.

त्या शालीचंच एक राहिलं. ती कुणाच्या पैशाची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतः घेतली असेल तर ठीक. पण चर्चच्या वर्गणीतून घेतली असेल तर कलम ५ तुम्हालाच लागतं, पाळकसाहेबांच्या आधी. खजिनदारांकडे जा, वहीतली ती नोंद बघा, शालीचे आणि नारळाचे पैसे स्वतःच्या पर्समधून भरा आणि आजच्या तारखेची पावती फाडून घ्या. मागची तारीख घालू नका. मग पाळकसाहेबांच्या घरी जा.